मोठा स्क्रीन लागला की

७ जानेवारी, बुधवार

पुन्हा गेलं! नायिका दारात उभी, "मी तुला कधीच—" आणि पुढे नुसती खरखर. कधीच काय? माफ करणार नाही, की विसरणार नाही? मी सबटायटल काय लिहू? कानातले काढले, घातले, ब्लूटूथ बंद करून चालू केलं. तेवढ्यात माउस जागच्या जागी अडकला. मग वायफायच गेलं.

मॉनिटर येऊन आठवडाही झाला नाही. केवढ्या हौसेने घेतला! लॅपटॉपच्या एवढ्याशा पडद्यावर मालिका बघून बघून डोळ्यांची वाट लागली होती. आता एका बाजूला मोठ्ठा व्हिडिओ, दुसरीकडे माझ्या ओळी. दिसतं एकदम झकास. फक्त चालत नाही.

सुबोध म्हणाला, राउटर बंद करून चालू कर. नवरे लोकांना हे एकच औषध माहीत असतं. केलं. चाललं. चहा होईपर्यंत परत तेच.

९ जानेवारी, शुक्रवार

इंटरनेटवाला आला होता. आला तोही नेमका मी सगळं बंद करून जेवायला बसले तेव्हा. फोन पुढे धरून म्हणाला, सिग्नल फुल आहे मॅडम. होता, खरंच फुल होता. राउटर कपाटावर चढवून गेला. तो गेल्यावर मी मॉनिटर जोडला, हार्ड डिस्क जोडली — वायफाय ठार.

मी मूर्ख आहे की भांडुपची हवाच अशी आहे?

एक गोष्ट मात्र चांगली चाललीय. इरा हल्ली दुपारी आपणहून माझ्या टेबलाशी येऊन बसते. शाळेतून येते, जेवते, स्वतःची खुर्ची ओढते आणि माझ्या कोपराला कोपर लावून अभ्यास करते. बोलत नाही फारसं. बसते. तिची शुगर निघाली त्याला दोन वर्षं होतील, तेव्हापासून ती माझ्यापासून लांबच पळायची. मी दिसले की तिला सुई दिसायची. आतल्या खोलीत दार लोटून बसायची. आणि आता अकरा वर्षांची मुलगी स्वतःहून जवळ येते! सुबोधला सांगितलं, तर म्हणाला, मोठ्या स्क्रीनवर मालिका फुकट दिसते म्हणून येते.

असेना का. दृष्ट लागायला नको.

१२ जानेवारी, सोमवार

आता इराचा सेन्सरपण! सगळी यंत्रं मिळून ठरवून करतायत की काय?

दंडावर ते बटणाएवढं चिकटवलेलं असतं. ते तिच्या फोनला शुगर कळवतं, तिच्या फोनवरून माझ्या फोनवर आणि सुबोधच्या. सत्तरच्या खाली गेली की तिन्ही फोन बोंबलतात. त्या आवाजाच्या भरवशावर आम्ही झोपतो. आज दुपारी माझ्या फोनवर आकड्याच्या जागी आडवी रेघ. सिग्नल नाही. बराच वेळ नाही. इरा माझ्या शेजारी, तिचा फोन टेबलावर, तिच्यापासून हातभरही लांब नाही. मग गेला कुठे सिग्नल?

कंपनीच्या हेल्पलाइनवर बाईंनी विचारलं, फोन पेशंटच्या जवळ आहे का? म्हटलं, मांडीवर ठेवू का आता? त्या म्हणाल्या, सेन्सर खराब असू शकतो, बदला. बदलला. इराने दंड पुढे केला आणि तोंड भिंतीकडे. ती रडत नाही. तिचं न रडणं बघवत नाही मला.

संध्याकाळी सगळं सुरळीत. नव्या सेन्सरचे मधले राहिलेले आकडेसुद्धा मागून भरले गेले, आलेखाची तुटलेली रेघ आपोआप जुळली. म्हणजे सेन्सरच खराब होता.

१४ जानेवारी, बुधवार

संक्रांत. सासूबाईंनी लाडू वळले. इराने एक खाल्ला, त्याचं इन्सुलिन आधी घेतलं, सगळं नीट. आणि दुपारी नव्या सेन्सरचाही सिग्नल गेला.

सुबोधचा पवईच्या ऑफिसातून लगेच फोन. इराला दे म्हणाला. ती "मला नाही माहीत", "मी काही नाही केलं" एवढंच बोलत होती. संध्याकाळी घरी आला तो बूट काढायच्या आधीच तिच्यासमोर उभा. तूच फोनचं ब्लूटूथ बंद करतेस. शाळेत नीट चालतं, सकाळी नीट चालतं, दुपारीच कसं जातं? लाडू किती खाल्लेस?

"मी बंद नाही करत."

"खोटं बोलू नकोस, इरा."

ती उठून आत गेली. सासूबाई सुबोधला म्हणाल्या, सणाच्या दिवशी पोरीला कशाला बोलतोस.  पण मलाही सुबोधसारखंच वाटत होतं. कुठल्या मुलीला चारचौघांत असा फोन बोंबललेला आवडेल? मीसुद्धा बंद केलं असतं कदाचित.

तीळगूळ घ्या, गोड बोला. बोललो आम्ही!

१६ जानेवारी, शुक्रवार

इरा आणि सुबोध बोलत नाहीत. जेवताना चटणी हवी असली तरी दोघंही माझ्याकडे मागतात. चटणी दोघांच्या मध्ये.

१९ जानेवारी, सोमवार

जिंकले!

अंधेरीच्या ऑफिसातून मिहिरचा फोन आला. आमच्याकडे कॉम्प्युटरचं सगळं तो बघतो. माझे दोन एपिसोड उशिरा गेले म्हणून चौकशी होती. रडगाणं गायले. त्याने मला राउटरच्या आत शिरायला लावलं, म्हणजे फोनवर सांगत सांगत. म्हणाला, वायफायचे दोन रस्ते असतात. एक जुना, गर्दीचा — शेजाऱ्यांची वायफाय, माउस, इअरफोन, सगळे त्याच्यावर. दुसरा मोकळा, पाच गिगाहर्ट्‌झचा. तुम्ही त्या मोकळ्यावर जा. गेले. नाव बदललं, पासवर्ड टाकला, मॉनिटर जोडला, हार्ड डिस्क जोडली, श्वास धरून बसले. नाही गेलं! पूर्ण एपिसोड चढला.

इअरफोन आणि माउस अजून नाटकं करतायत. ड्रॉवरमधून जुने वायरवाले काढले. दिसायला गबाळं, पण चालतं. शत्रू कोण होता ते नीटसं कळलं नाही. पण जिंकले.

सेन्सर दुपारचा जातोच आहे. इराला एकदा प्रेमाने विचारून बघितलं. "बंद करतेस का गं? मी नाही रागावणार." तिने मान हलवली, नाही. मी पुढे विचारलं नाही. माझा फोन मी आता दुपारी पालथाच ठेवते. ती रेघ बघून बघून जीव जातो, आणि इरा शेजारीच तर असते.

२३ जानेवारी, शुक्रवार

अक्षर वाकडं येतंय. येऊ दे.

दुपारी मी कामात होते. एपिसोड आजच द्यायचा होता. इरा शेजारी, भूगोलाच्या नकाशात रंग भरत होती. शाळेत सव्वीस जानेवारीची कवायत चालू आहे, त्यामुळे दमून आली होती. जेवायच्या आधी इन्सुलिन घेतलं आणि जेवण मात्र अर्धं टाकलं. मी म्हटलं होतं, दूध तरी पी. प्यायली की नाही ते बघितलं नाही. वायफाय मस्त चाललं होतं. मी खूश होते! लिहितानाही लाज वाटते. मी खूश होते.

सासूबाई चहा घेऊन आल्या आणि कप हातात धरून तिथेच थांबल्या.

"अगो रुचिरा, ह्या पोरीक घाम किती इलो बघ."

मी वळले. इराच्या कपाळावर केस चिकटले होते. हातातला निळा खडू नकाशाच्या बाहेर, टेबलावर चालला होता. तसाच, पुढे पुढे. मी हाक मारली. तिने माझ्याकडे बघितलं, पण मला बघितलं नाही. तोंड हललं. शब्द आले नाहीत.

बोट टोचलं. एक्केचाळीस.

एक्केचाळीस!

ग्लुकोजची पूड पाण्यात कालवली, अर्धी टेबलावर सांडली. सासूबाईंनी मागून तिची हनुवटी धरली, तिला गिळता येतंय ना बघत मी घोट घोट पाजलं. मध्येच ती म्हणाली, आज शाळा नाहीये का? मी म्हटलं, नाही बाळा, नाहीये. मग हळूहळू ओठांना रंग आला. मग रडली. मग म्हणाली, भूक लागली. पुन्हा टोचलं, त्र्याण्णव. तिला पोळी खायला घालून, आजीच्या कुशीत झोपवून मी टेबलाशी आले.

कुणाचाच फोन वाजला नव्हता. एकही नाही.

सगळं बंद केलं. मॉनिटरचा खटका, लॅपटॉपचं झाकण, ती हार्ड डिस्क. उठणार तोच टेबलावर राहिलेला इराचा फोन टुंग करून वाजला. ती भिंतीपलीकडच्या पलंगावर होती, तरी सिग्नल आला. आणि माझ्या डोळ्यांदेखत आलेखाची रेघ मागून भरत गेली. ऐंशी. बहात्तर. त्रेसष्ट. पंचावन्न. उतरत, उतरत, उतरत. एवढा वेळ ती खाली खाली जात होती, आणि तिचं कोपर माझ्या कोपराला लागलेलं होतं.

ती शेजारी असताना सिग्नल नाही. भिंतीपलीकडे गेली आणि आला. मध्ये फक्त एक झालं. मी स्क्रीन बंद केला.

सुबोध येतोय. जिन्यात पावलं वाजली.

२४ जानेवारी, शनिवार

सकाळी सकाळी मिहिरला उठवलं. त्याने सगळं ऐकून घेतलं, मग विचारलं, स्क्रीन लॅपटॉपला कशाने जोडलाय? म्हटलं, ती छोटी डबी आहे ना, एका बाजूने लॅपटॉपला लागते, दुसऱ्या बाजूने तिच्यात स्क्रीन, हार्ड डिस्क, सगळं जातं. मॉनिटरबरोबरच स्वस्तातली घेतली होती.  तो म्हणाला, "मॅडम, अशा काही डबड्यांचं आवरण कच्चं असतं. स्क्रीन आणि डिस्क चालू झाले की ती आजूबाजूला नुसता गोंगाट करतात, नेमका त्या जुन्या, गर्दीच्या रस्त्यावर. तुम्ही वायफायला तिथून हलवलंत. बाकीचे तिथेच राहिले."

बाकीचे. माउस, इअरफोन. आणि इराचा दंड.

मी गोंगाट आवरला नव्हता. मी फक्त माझे कान दुसरीकडे नेले होते.

सुबोधसमोर करून बघितलं. इराला तिच्या रोजच्या खुर्चीत बसवलं, फोन टेबलावर डबीजवळ, रोज असतो तिथेच. सुबोध फोनवर नजर लावून. मी स्क्रीन आणि डिस्क जोडली. थांबलो. आकडा गेला, रेघ आली. डबी काढली. थांबलो. आकडा आला. पुन्हा जोडली, पुन्हा गेला. मग डबी चालू ठेवून इराला फोन घेऊन स्वयंपाकघरात पाठवलं — आकडा आला. परत बोलावलं — गेला.

सुबोध खालीच बसला. त्याचा चेहरा मी लग्नापासून असा बघितला नव्हता. मग तो इरासमोर आला, गुडघ्यांवर टेकला आणि म्हणाला, "चुकलो गं मी. तू खरं बोलत होतीस." तिने मान डोलावली. तिच्या खांद्यावर डोकं ठेवून तो रडला. ती त्याच्या पाठीवर थोपटत होती, एखाद्या मोठ्या बाईसारखी.

आम्ही दोघं हादरलेले. इरा नाही. मला वाटलं, कालच्याने थकली असेल.

दुपारी स्टेशनरोडच्या दुकानातून लॅपटॉप ते स्क्रीन थेट जाणारी चांगली जाड केबल आणली. डिस्कला वेगळी लांब वायर, टेबलाच्या पार त्या टोकाला. डबी सुबोधने स्वतः खाली नेऊन टाकली. संध्याकाळी पुन्हा तीच परीक्षा घेतली. मोठा स्क्रीन चालू, डिस्क चालू, इरा शेजारी, आकडा जागच्या जागी.

२५ जानेवारी, रविवार

कसं लिहू?

दुपारी थोडं उरलेलं काम घेऊन बसले. सगळं चालू, सिग्नल भक्कम. इराची खुर्ची रिकामी. ती आतल्या खोलीत, दार लोटलेलं, पूर्वीसारखं. मी आत गेले. म्हटलं, आता सगळं नीट झालंय, ये की बाहेर बसायला.

"आता कशाला?"

मला कळलंच नाही. हसून म्हटलं, आता कशाला म्हणजे? रोज बसायचीस ना माझ्याजवळ. तिने वहीतून डोकं वर काढलं नाही.

"मला माहीत होतं, आई. तुझा मोठा स्क्रीन लागला की फोन गप्प होतो."

मी दाराला धरून उभी होते. कधीपासून, विचारलं. पहिल्यापासूनच, म्हणाली. मॉनिटर आला त्याच आठवड्यात तिच्या लक्षात आलं होतं. जे शोधायला मला इंटरनेटवाला, हेल्पलाइन आणि मिहिर लागला, ते! ब्लूटूथ तिने खरंच कधी बंद केलं नाही. ती फक्त येऊन बसायची.

"मग सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं तर तू नीट केलं असतंस."

मी खाली फरशीवर बसले. ती बोलत राहिली, हळू आवाजात, पेन्सिलीचं टोक बोटाने दाबत. बाबा फोन करतो तेव्हा हॅलोसुद्धा म्हणत नाही. किती आहे, एवढंच. आजी साखरेचा डबा घेऊन मागे येते. मैत्रिणीच्या घरी गेले की तू तिच्या आईला फोन करतेस. मी खोलीत आले की तू आधी फोनकडे बघतेस, मग माझ्याकडे. तुझ्या टेबलाशी बसलं की कोणी काहीच विचारायचं नाही. बाबा ओरडला तरी चालेल, असं वाटायचं. तो एकदाच ओरडतो.

मला वाटत होतं, ती माझ्याजवळ येते.

शेवटी विचारायचं नव्हतं ते विचारलं. शुक्रवारी तुला कळलं होतं का, खाली जातेय ते?

"आधी कळलं होतं," ती म्हणाली. "मला वाटलं, अजून थोडा वेळ बसू. मग नाही कळलं."

२६ जानेवारी, सोमवार

सुबोधला सांगितलं. झेंडावंदनाहून आल्यापासून तो गॅलरीत उभा आहे.

२८ जानेवारी, बुधवार

इराच्या शुगरच्या डॉक्टर मृणालिनींकडे गेलो होतो. मी सगळं सांगायला लागले तर त्यांनी मला आणि सुबोधला बाहेर बसवलं आणि इराशी एकटीशी बोलल्या. बराच वेळ. आतून एकदा हसण्याचा आवाज आला. सुबोध चमकून माझ्याकडे बघायला लागला.

मग आम्हाला आत बोलावलं. धोक्याचा अलार्म तिघांच्याही फोनवर राहणार, त्यात तडजोड नाही, हे इरानेही मान्य केलंय. पण दिवसभराचे आकडे आमच्या फोनवर दिसायचे नाहीत. ते तिचे. बरं वाटत नसेल तर तिने सांगायचं. अलार्म नसेल तर आम्ही विचारायचं नाही. रात्रीचं आम्ही बघू. "जमेल का?" डॉक्टरांनी विचारलं. इरा म्हणाली, मला जमेल. डॉक्टर म्हणाल्या, "मी तुझ्या आईबाबांना विचारतेय."

फार कठीण आहे! हात आपोआप फोनकडे जातो. सासूबाईंना सांगितलं तर त्या बिथरल्या, अशी कशी सोडायची पोरीला, शुक्रवारी मी नसते तर?  साखरेचा डबा त्यांनी उशाशी ठेवलाय. तो मी हलवणार नाही.

३० जानेवारी, शुक्रवार

दुपारी सुबोधचा इराला फोन आला. ती आत बोलत होती, मग फोन ठेवून माझ्याकडे आली.

"बाबाने हॅलो म्हटलं. मग काय करतेस म्हणाला. मग त्याला पुढे काय विचारायचं तेच सुचेना."

"मग?"

"मग मीच विचारलं, तू जेवलास का."

ती परत आत गेली. दार लोटलं नाही, अर्धवट राहिलं. मी उठून बघायला गेले नाही. जागची हलले नाही, हे मोठं काम होतं.

३ फेब्रुवारी, मंगळवार

दुपारी एपिसोडच्या मध्यावर होते. स्क्रीन चालू, सिग्नल भक्कम, तिन्ही फोन शांत. इरा आतून आली आणि म्हणाली, "आई, पाय हलके झालेत. खाली जातेय वाटतं." बोट तिनेच टोचलं. बहात्तर. मी लिंबाचं सरबत केलं, साखर चमचाभर जास्तच घातली. ती माझ्या शेजारी उभी राहून प्यायला लागली.

अर्धा ग्लास संपला, तेव्हा कुठे फोन वाजला.